आउटबोर्ड मोटरचा अलार्म मधेच वाजतो, मधेच थांबतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेली मोटर. तिचा सतत वाजणारा अलार्म त्या मानाने सोपा. दोष समोर असतो, मोजला की सापडतो. डोकं खातो तो थोडा वेळ वाजून गप्प होणारा, किनाऱ्याला लागल्यावर पत्ता लागू न देणारा अलार्म. अशा वेळी एकामागून एक पार्ट बदलत सुटण्याचा मोह होतो आणि त्यात पैसा नि हंगाम दोन्ही जातात. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: अलार्म कोणत्या परिस्थितीत येतो ते आधी पकडा, मग मोजा, आणि पार्टला हात सगळ्यात शेवटी लावा.

अलार्म वाजला आणि आपोआप थांबला. तसंच पुढे जावं का?

थांबला म्हणजे दोष गेला असं धरू नका. लगेच थ्रॉटल पूर्ण मागे घ्या, न्यूट्रलमध्ये आणा आणि पॅनेलवर कोणता दिवा किंवा कोणती अक्षरं आहेत ते बघा. ओव्हरहीटची सूचना असेल तर मागे वळून मोटरमधून बाहेर पडणारी, थंड करणाऱ्या पाण्याची धार बघा. धार पडत असेल तर इंजिन काही मिनिटं आयडलवर (न्यूट्रलमध्ये, सगळ्यात कमी वेगावर) राहू द्या, म्हणजे आतली उष्णता उतरेल. धार नसेल तर इंजिन बंद करा. तेलाच्या दाबाची सूचना असेल तर वाट बघूच नका, ताबडतोब बंद करा. दाब नसताना बेअरिंगं खराब व्हायला फार वेळ लागत नाही.

याला अपवाद एकच. बोट खडकांकडे ओढली जात असेल, किंवा मोठ्या जहाजांच्या वाटेत असेल, तर आधी माणसं सुरक्षित जागी न्या. इंजिन दुरुस्त होतं. निवांत जागी आल्यावर नांगर टाका आणि मग शोधाशोध करा.

नक्की कशाचा अलार्म आहे हे कसं ओळखायचं?

किल्ली फिरवल्यावर बहुतेक मोटरींचा बझर एकदा छोटासा वाजतो आणि दिवे क्षणभर लागतात. ती स्वतःची तपासणी असते. ती रोज ऐकायची सवय लावून घ्या. तो आवाज आला नाही तर बझर किंवा त्याची वायर गेली आहे, आणि खरा दोष आल्यावरही तुम्हाला काहीच कळणार नाही.

आवाजाचा नमुना महत्त्वाचा असतो. अखंड सूर, ठरावीक अंतराने तीन-चार बीप, किंवा किल्ली फिरवताच सलग बीप, यांचे अर्थ वेगवेगळे आणि ते कंपनीगणिक बदलतात. दुसऱ्याच्या मोटरीवरून अंदाज बांधू नका. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा. काही मोटरी दिवा लुकलुकवून दोन अंकी कोड सांगतात, आधी दशक आणि मग एकक. तो नुसत्या डोळ्यांनी मोजताना चूक होते. व्हिडिओ घ्या आणि सावकाश मोजा.

मेकॅनिककडे नेली की मोटर शहाण्यासारखी चालते. काय करावं?

इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती तुमची वही. अधूनमधून येणाऱ्या दोषाला नेहमी काहीतरी निमित्त असतं: उष्णता, हादरे, ओल, आरपीएम, मोटरचा कोन किंवा विजेचा भार. वर्कशॉपमध्ये यातलं निम्मं नसतंच. मोटर थंड असते, लाट नसते, इंजिनावर पाण्याचा भार नसतो. मग दोष दिसणार कुठून?

म्हणून अलार्म आला की त्याच वेळी टिपून ठेवा: इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला होता, आरपीएम किती, बोट प्लेनवर (वेगामुळे उचलून पाण्यावरून घसरत) होती की हळू चालली होती, ट्रिम (मोटरचा वर-खाली कोन) कुठे होता, नुकतं वळण घेतलं होतं का, लाटेवर आपटली होती का, व्होल्टमीटर काय दाखवत होता, टाकीत पेट्रोल किती होतं, आणि त्याच सुमारास काही चालू किंवा बंद केलं होतं का. पंप, दिवे, वायरलेस, ट्रिमचं बटण, सगळं लिहा. अलार्म कसा थांबला तेही लिहा. स्वतःहून, थ्रॉटल कमी केल्यावर, की किल्ली बंद करून चालू केल्यावर?

चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. इंजिन गरम झाल्यावरच येतो, तर उष्णतेने तुटणारं कनेक्शन किंवा खरोखरच वाढलेलं तापमान. लाटेवर आपटल्यावरच येतो, तर लूज वायर किंवा टाकीत डचमळणारं तेल. ट्रिमचं बटण दाबताक्षणी येतो, तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा, कारण ट्रिमची मोटर बराच करंट ओढते. अशी वही मेकॅनिकच्या हातात दिली तर त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

एकाच वेळी दोन-तीन असंबंधित सूचना येतात. इतकं सगळं एकदम बिघडेल का?

बहुधा नाही. तापमान, हवेचा दाब आणि थ्रॉटल असे तीन कोड एकाच क्षणी आले, तर ते तिन्ही पार्ट मनातून बाजूला ठेवा आणि त्यांच्यात सामायिक काय आहे ते विचारा.

सामायिक गोष्टी तीन. पहिली, इंजिनच्या कंप्युटरला मिळणारा पुरवठा. व्होल्टेज क्षणभर जरी खाली गेलं तरी कंप्युटर गोंधळतो आणि भलतेच कोड नोंदवतो. दुसरी, अर्थिंग. इंजिनच्या ब्लॉकवरची एक गंजलेली अर्थ वायर अनेक सेन्सरांची आकडेवारी एकदम बिघडवते. तिसरी, सेन्सरांना जाणारा 5 व्होल्टचा पुरवठा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत अनेक सेन्सर या एकाच पुरवठ्यावर असतात. त्यातल्या एकाची वायर घासून ब्लॉकला टेकली की 5 व्होल्ट कोसळतात आणि शेजारचे निर्दोष सेन्सरही दोषी ठरतात. अशा वेळी एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जायचं आणि मीटरवर 5 व्होल्ट परत कधी येतात ते बघायचं. ज्याला काढल्यावर परत आले, त्याच फांदीत घोटाळा आहे.

बॅटरी नवीन आहे, मग व्होल्टेजवर संशय का घ्यायचा?

कारण बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये बरंच काही असतं: टर्मिनल, मुख्य स्विच, फ्यूज, लांब केबल आणि इंजिनच्या बाजूचा प्लग. नवीन बॅटरी घाईत बसवली आणि पंखांचे नट हाताने आवळले, तर हादऱ्याने ते सैल होतात. तिथे लॉकिंग नट लावा आणि पान्याने आवळा. एकाच टर्मिनलवर फिशफाइंडर, पंप, दिवे अशा वायरींची चळत लावली असेल, तर इंजिनची जाड केबल सगळ्यात खाली, थेट टर्मिनलला टेकलेली हवी.

आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. साधी 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावली की 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे ती अर्ध्यावर आली. इंजिन मध्यम वेगात असताना सुमारे 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना 10 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा केबल संशयित.

पण हे बॅटरीवर मोजून भागत नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवरच्या उघड्या धातूवर धरा, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज वाटेत गळतं आहे. तसंच धन बाजूलाही करा, बॅटरीच्या टर्मिनलपासून स्टार्टर रिलेच्या इनपुटपर्यंत. मीटर हाती आला की माझी पहिली तपासणी हीच असते. पाच मिनिटांचं काम आहे, पण यातून उलगडणाऱ्या प्रकरणांची संख्या मोठी आहे.

मुख्य स्विचबद्दल एक इशारा. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका. चार्जिंगला जायला जागा उरत नाही आणि रेग्युलेटर जळू शकतो.

कनेक्टर बाहेरून स्वच्छ दिसतात. उघडायची खरंच गरज आहे का?

आहे. खारं पाणी बाहेरून नव्हे, आतून खातं. बॅटरीची केबल काढा, मग कनेक्टरची खिटी दाबून तो सरळ ओढा, वायरीला धरून नव्हे. आत उजेड टाका. पिन चमकदार हव्यात. त्यावर हिरवट-निळसर भुकटी दिसली तर तो तांब्याचा गंज आहे. मग प्रत्येक पिनकडे एका रेषेत बघा. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा आत सरकलेली दिसली, तर कनेक्टर खटकन बसूनही ती पलीकडे टेकत नाही, किंवा थंड असताना टेकते आणि गरम झाल्यावर सुटते. प्रत्येक वायर मागून हळूच ओढून बघा. रबरी सील उलटं वळलेलं असेल तर ओल तिथूनच आली.

वायर रबराच्या आतही सडते. बोटांनी दाबत गेलात आणि एखादी जागा फुगीर, कडक किंवा भुसभुशीत लागली, तर तिथे कापा. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा, आणि नवीन तुकडा टिन चढवलेल्या मरीन वायरीचाच जोडा. जोडावर आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी लावा. नुसती इन्सुलेशन टेप इथे टिकत नाही.

साफसफाईला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पूर्ण सुकू द्या, मग सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. पिनांच्या खोबणीत ग्रीस ठासून भरू नका. ते वीज वाहून नेत नाही, ओल अडवतं.

लूज वायर नेमकी कोणती, हे कसं शोधायचं?

इंजिन आयडलवर ठेवा आणि वायरींचा जुडगा एकेका जागी हलवा, टोचा, वाकवा. अलार्म आला किंवा आरपीएम डगमगला की तीच जागा. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करून बघा. एका वेळी एकच गोष्ट करा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. झाकण उघडं असताना वर फ्लायव्हील फिरत असतं. सैल बाह्या, लांब केस, गळ्यातला दोरा, काहीही जवळ नको. पेट्रोलचा वास येत असेल तर ड्रायर नको आणि इंजिन सुरू करणंही नको.

पाण्याची धार चांगली पडते, तरी ओव्हरहीट येतो. सेन्सरच खराब ना?

हा निष्कर्ष घाईचा आहे. बहुतेक मोटरींत ती धार म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याची एक फांदी. पंप पाणी वर ढकलतो आहे एवढंच ती सांगते. ते पाणी सिलिंडरभोवती सगळीकडे फिरतं आहे की नाही, हे तिला ठाऊक नसतं. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धवट अडकला असेल, किंवा आतल्या वाटा मिठाने आणि गाळाने आकसल्या असतील, तर धार जोरदार आणि इंजिन तापलेलं, असं खुशाल होतं. उलटही घडतं. धारेच्या नळीत मीठ जमलं किंवा किड्याने घर केलं की धार बंद दिसते, पण इंजिन थंडच असतं. नळीत बारीक तार फिरवून बघा.

खरं-खोटं करायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि अलार्म चालू असतानाच सिलिंडर हेडवर, थर्मोस्टॅटच्या कव्हरजवळ आणि सेन्सरच्या शेजारी तापमान मोजा. रंगवलेल्या जागेवर मोजा, चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा फसवतो. व्ही इंजिन असेल तर दोन्ही बाजू ताडून बघा. एक बाजू ठळकपणे जास्त गरम असेल, तर त्या बाजूचा थर्मोस्टॅट किंवा पाण्याची वाट.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा, थर्मामीटर घाला आणि पाणी तापवा. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट पुष्कळदा 50 ते 60 अंशांच्या आसपास उघडतात. नेमका आकडा त्याच्यावर छापलेला किंवा मॅन्युअलमध्ये असतो. उघडायला उशीर झाला किंवा अर्धाच उघडला, तर नवीन गॅस्केटसह बदला. मिठाचे खडे कव्हरच्या मागे बसलेले दिसले, तर ते बाकी वाटांतही असणार हे समजून घ्या.

ओव्हरहीट फक्त आयडलवर येतो. दुसऱ्याला फक्त वेगात येतो. फरक काय?

मोठा फरक आहे, आणि तोच बरंच सांगून जातो.

आयडलवर येत असेल आणि वेग वाढवल्यावर जात असेल, तर इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) झिजलाय असं धरून चला. कमी आरपीएमवर इम्पेलरची रबरी पाती भांड्याला घट्ट टेकून पाणी ढकलतात. पाती कडक झाली किंवा एका बाजूला वाकून तशीच राहिली, की ती पकड जाते.

वेगातच येत असेल तर पाणी कमी पडतं आहे. इनटेकच्या (पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीवर शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी, मोटर ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) फार उंच बसवलेली, ट्रिम इतका वर की इनटेक पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो, किंवा दाबावर उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह अडकलेला. पिशवीचा दोष तर थांबलात की आपोआप सुटतो. पिशवी गळून पडते आणि सगळं ठीक दिसतं.

तिसरा प्रकारही आहे. भरधाव येऊन झटकन इंजिन बंद केलं आणि थोड्याच वेळात परत सुरू केलं, की अलार्म येतो. पाणी थांबल्यावर गरम धातूची उष्णता साचून राहते. थांबण्याआधी काही मिनिटं हळू चालवा.

इम्पेलर कधी बदलायचा?

खाऱ्या किंवा गढूळ पाण्यात वर्षाला एकदा बघा, मॅन्युअलमध्ये तास दिले असतील तर त्याप्रमाणे. काढल्यावर एखाद्या पात्याचा तुकडा गायब असेल तर तो शोधून काढा. तो वरच्या वाटेत कुठेतरी अडकलेला असतो, आणि नवीन इम्पेलर घालूनही अलार्म येत राहायचं ते कारण ठरतं. पंपाची खालची पट्टी आणि आतलं भांडं यांवर खाचा पडल्या असतील तर पूर्ण संच बदला.

सेन्सर खोटं बोलतोय की खरं, हे आकड्यांवरून कळतं का?

पुष्कळदा कळतं. डिस्प्लेवर किंवा निदानाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची नोंद बघा. धातूचं तापमान एका सेकंदात चाळीस अंश उडी मारत नाही. ते चढतं आणि उतरतं. आकडा टुणकन उडून परत आला, किंवा गरम इंजिनावर उणे तापमान दिसलं, तर वायर किंवा कनेक्टर तुटतो आहे. तापमान हळूहळू चढत जाऊन मग अलार्म आला, तर सेन्सर खरं सांगतो आहे.

जुन्या मोटरींत सेन्सरऐवजी साधा थर्मल स्विच असतो. पुष्कळ मॉडेलमध्ये तो गरम झाल्यावर वायर अर्थला जोडतो. मग त्या वायरीचं रबर घासून ती ब्लॉकला टेकली तरी अलार्म तोच वाजणार. वायर ब्रॅकेटखालून कुठे जाते ते बोटाने चाचपत जा.

तेलाच्या दाबाची सूचना आयडलवर क्षणभर येते. दुर्लक्ष करावं का?

मुळीच नाही. मोटर सरळ उभी ठेवून, थोडा वेळ थांबून डिपस्टिक बघा. तिरकी मोटर चुकीची पातळी दाखवते. पातळी कमी असेल तर कारण उघड आहे. पातळी वाढली असेल तर जास्त सावध व्हा. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर तेलात पेट्रोल मिसळतं आहे. खूप वेळ हळू चालवणं आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन कायम थंड राहणं, ही त्याची नेहमीची कारणं. तेल पातळ होतं आणि गरम असताना आयडलवर दाब पडतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, तेव्हा मोटर चालवू नका.

पातळी आणि तेल दोन्ही ठीक असेल, तर सेन्सर काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा आणि खरा दाब मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला तरच सेन्सर बदला. आधी सेन्सर बदलून बघू, असं या एका बाबतीत तरी म्हणू नका.

टू-स्ट्रोकचा तेलाचा अलार्म फक्त लाटेत येतो.

तेलाच्या टाकीतला फ्लोट डचमळतोय. टाकी काठोकाठ भरून बघा. तरीही आला तर फ्लोटची वायर, टाकीच्या तळाची जाळी आणि तेलाच्या नळीतली हवा तपासा.

पेट्रोलमध्ये पाणी असल्याची सूचना येते आणि जाते.

पाणी जड, म्हणून तळाशी बसतं आणि बोट हलली की ओढलं जातं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि स्थिर ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. थोडंच असेल तर फिल्टर बदला आणि पुन्हा तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो. मग फिल्टरने भागत नाही, टाकीच रिकामी करावी लागते. शिवाय पाणी आलं कुठून ते शोधा: भरण्याच्या झाकणाची रिंग, हवेच्या नळीचं तोंड, डेकवरचा जोड. बरणीत पाणी नसूनही सूचना येत असेल, तर फिल्टरच्या तळाचा सेन्सर पुसून त्याचा कनेक्टर बघा.

डिस्प्लेवर सूचना येते, पण इंजिनच्या स्वतःच्या दिव्यांवर काही नाही.

मग इंजिनऐवजी नेटवर्कवर संशय घ्या. एनएमईए 2000 (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं नेटवर्क) च्या मुख्य केबलला दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर लागतो. पुरवठा बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मोजलं तर सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एक टर्मिनेटर निखळला आहे किंवा केबल तुटली आहे. डेकखालच्या ओलीतले टी-जोडही एकदा उघडून बघाच.

स्पार्क प्लग बदलल्यापासून आरपीएम उड्या मारतो आणि विचित्र कोड येतात. संबंध आहे का?

असू शकतो. मॅन्युअल रेझिस्टर असलेला प्लग सांगत असेल आणि दुसराच बसवला असेल, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरींत शिरतो. सांगितलेल्या क्रमांकाचाच प्लग लावा.

कोड पुसून टाकले तर?

आधी लिहून ठेवा, प्रत्येक कोड सक्रिय आहे की जुना ते आणि सोबत दिसणारे इंजिनचे तासही. मग पुसा आणि बोट चालवा. परत आला तोच खरा. न लिहिता पुसलात तर हातातला पुरावा गेला.

मोटर जमिनीवर ठेवून तपासता येईल का?

येईल, पण इनटेकवर पाण्याचे मफ (नळाच्या पाइपला जोडलेले रबरी कप) लावून आणि पाणी आधी सुरू करूनच. कोरडं इंजिन काही सेकंदही फिरवू नका, इम्पेलर जळतो. मफवर आयडलच ठेवा आणि प्रोपेलर काढून ठेवा. इथे वायरींची तपासणी छान होते. वेगातल्या ओव्हरहीटची मात्र होत नाही, कारण पाण्याचा दाब आणि इंजिनवरचा भार दोन्ही वेगळे. त्यासाठी बोट पाण्यातच हवी, सोबत दुसरा माणूस आणि परत आणायची सोय.

कारण सापडेपर्यंत बझरची वायर काढून ठेवली तर चालेल का?

नाही. ज्या दिवशी पाणी खरोखर थांबेल, त्या दिवशीही बझर गप्पच राहील. काही इंजिनं दोष आल्यावर स्वतःहून आरपीएम कमी करतात, पण सगळीच नाही, आणि वेगात, वाऱ्यात, लाटांच्या आवाजात पॅनेलवरचा दिवा नजरेतून सुटतो. आवाज असह्य होत असेल, तर कारण सापडेपर्यंत बोट पाण्यात नेऊ नका.